पोपटीच्या जाळावर सायलेन्सर

जुनी स्कूटर चालू करायची म्हटलं की माणूस आधी मिस्त्री शोधतो. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या चौल-रेवदंड्याकडे आता तो शोधच अवघड झालाय. चेतकच्या मॅग्नेटला हात घालणारे जे होते, त्यांतले काही थकले, काहींनी गॅरेज बंद करून गाळा भाड्याने दिला. नवी पोरं हुशार आहेत, पण त्यांना पॉइंट, म्हणजे प्लगची ठिणगी ठरवणारी दोन टोकं, कशाशी खातात ते माहीत नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा, त्यांच्या हाताला कधी ती गाडी लागलीच नाही. गाड्या मात्र कुठे गेलेल्या नाहीत. कुठल्याही वाडीत जा, पडवीच्या टोकाला सुक्या झावळ्यांखाली एखादी चेतक, नाहीतर एम-एटी उभी असतेच. विकवत नाही आणि चालवताही येत नाही.

मी थळच्या खत कारखान्यात मेंटेनन्सला होतो. निवृत्तीनंतर घरामागच्या गोठ्याची शेड केली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. पुन्हा बांधताना जरा उंच बांधली, खाली कोबा केला, बाकाला चांगला मोठा वाइस बसवला. सहा दुचाक्या आरामात उभ्या राहतील एवढी जागा झाली. मग डोक्यात आलं की जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचं जेवण, होणारच आहे, तर त्याच रविवारी सगळ्यांना आपापल्या गाड्या घेऊन बोलवू. ज्याची गाडी, त्याने काम करायचं. मिस्त्रींनी खुर्चीत बसून सांगायचं. संध्याकाळी पोपटी.

मिस्त्री म्हणजे रेवदंड्याचे. वय सत्तरीच्या पुढे, हात थोडा थरथरतो, कान मात्र तयार आहेत. त्यांना विचारायला गेलो तर म्हणाले, "मी पाना हातात घेनार नाय. सांगीन. आनि कोनी विंजिन उघडायचं नाय."

दुसरी अट मला तेव्हा जाचक वाटली, पण अशा दिवसासाठी ह्याच्याइतका शहाणा नियम दुसरा नाही. इंजिन उघडलं की पिस्टन, रिंगा, बोअर, पॅकिंग असं एकातून एक निघत जातं. दुपारपर्यंत बाकभर सामान पसरतं आणि संध्याकाळी माणूस गोणीत इंजिन घेऊन घरी जातो. म्हणून फोनवर प्रत्येकाला विचारून एक काम ठरवलं, दिवस मावळायच्या आत पुरं होईल असं. केबली बदलणं, ब्रेक लायनर, पॉइंट, वायरिंग, टाकीची सफाई. लागणारं सामान ज्याचं त्याने आधी आणायचं. रविवारी रेवदंड्यात चेतकची गिअर केबल मिळेल ह्या भरवशावर राहू नका, हे मी दोनदा बजावलं. मेव्हण्याने सगळं सामान पुण्याहून नाना पेठेतून आणलं आणि वर दोन प्लग जास्तीचे आणले, ते दुसऱ्याच्या कामी आले.

आलेल्या गाड्या अशा. मेव्हण्याची चेतक. आमच्या मासळीवाल्याची एम-एटी, जी खरं तर पडून नव्हती, रोज पहाटे जेटीवर जाते. श्रीवर्धनहून एक बुलेट, ती टेम्पोत घालून दिघी-आगरदांड्याच्या फेरीबोटीतून आणली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची लुना. शेजारच्या पोराची स्प्लेंडर, चेन-स्प्रॉकेटसाठी. आणि मुंबईच्या एका मित्राची येझदी, ती भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरली आणि पुढे पिकअपमधून आली. मांडव्याची ही रो-रो मार्च २०२० पासून चालू आहे. त्याआधी मुंबईहून बंद गाडी टेम्पोत घालून आणायची म्हणजे पनवेल, पेण, वडखळ असा सगळा वळसा घालावा लागायचा.

सकाळी चहा झाल्यावर मिस्त्रींनी एक फेरी मारली. हात मागे बांधून, कुठे बोट न लावता. मग एकदम म्हणाले, "सगल्यांना दर्यानं खाल्लंय."

खोटं नाही. समुद्राजवळच्या गाडीला घाटावरच्या गाडीपेक्षा वेगळेच रोग होतात. खारं दंव रात्री पत्र्यावर बसतं, सकाळी वाळतं, मीठ तिथेच राहतं. चेतकचं फ्लोअर पायाखालच्या रबरी पट्ट्यांच्या आत कुजतं, वरून दिसत नाही. तांब्याच्या वायरला हिरवं चढतं. नट आणि बोल्ट एकजीव होतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत मात्र ते पाणी तळाला बसतं, आतून गंज धरतो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात नाहीतर चिरतात. गाडी वर्षातून एकदाच काढायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. कॉक बंद केला म्हणजे झालं, असं समजू नका.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून मी ताटल्या काढून ठेवल्या होत्या. आत्याने त्याहून चांगली सोय केली. पोपटीसाठी अंड्यांचे दोन ट्रे आणले होते, त्यातली अंडी तिने टोपलीत काढली आणि पुठ्ठ्याचे ट्रे शेडमध्ये पाठवून दिले. एकेका खळग्यात एकेक नट, वॉशर, सर्क्लिप, आणि पेनाने बाजूला कुठला तो लिहायचा. जिथून काढला त्या क्रमाने ठेवला की लावताना उलट्या क्रमाने उचलायचा. पगारी नोकरीत हे कुणी शिकवलं असतं तर दोन दिवसांचं ट्रेनिंग लागलं असतं.

लुना आणि स्प्लेंडर ही दोन कामं लगेच उरकली. बाईंनी लुनाचा कारबुरेटर स्वतः खोलला, जेट प्रकाशाकडे धरून आरपार दिसतंय का ते बघितलं, आणि पोराने टाचणी पुढे केली तर त्याला थांबवलं. जेटमध्ये टाचणी घालायची नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये बुडवून पंपाने हवा मारायची. बाईंना हे आधीपासून ठाऊक होतं. निम्मी शाळा त्यांनी त्याच लुनावर केली.

चेतकला मात्र वेळ लागला. तिची तक्रार होती की किक मारली तर एखाद वेळी घेते, नाहीतर नाही. आणि घेतली तरी कार्लेखिंडीच्या चढाला दम टाकते. मिस्त्रींनी दोन्ही दुखणी वेगळी आहेत म्हणून सांगितलं. आधी पॉइंट. पंख्यावरचं झाकण काढलं की मॅग्नेटला एक खिडकी दिसते. मॅग्नेट हाताने फिरवत ती खिडकी पॉइंटसमोर आणायची आणि त्या बोटभर जागेतून काम करायचं. मेव्हण्याचा चष्मा घसरत होता, घाम पंख्यात पडत होता. पॉइंटवर काजळी आणि एका बाजूला छोटा उंचवटा. तो बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने काढला, मग साधा कोरा कागद दोन टोकांमध्ये धरून ओढला, काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत. पुन्हा मॅग्नेट फिरवून पॉइंट पूर्ण उघडे असतील तिथे थांबवलं आणि फीलर गेज घातलं. अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. बसवलं आणि स्क्रू आवळला की ते हलतं. पुन्हा ढिला, पुन्हा आवळ. मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, "आवलताना हलतंय तेवढं आधीच कमी ठेव." म्हणजे स्क्रू किती ओढून नेणार हे ओळखून थोडं अलीकडे थांबायचं. हे कुठल्या पुस्तकात नसावं, निदान मी वाचलेल्या नाही. प्लगसाठी मात्र त्यांनी गेज मागितलंच नाही. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा खिशातून काढला, प्लगच्या फटीत सरकवला, जरा अडकून निघाला, झालं. ब्लेडची जाडी तेवढीच असते, साधारण ०.६.

गिअरच्या केबली बदलताना गंमत झाली. जुनी केबल बाहेरच्या वेष्टनासकट काढायची होती आणि नवी हँडलच्या नळीतून खाली इंजिनापर्यंत न्यायची होती. जुनी आधी ओढून काढली तर नवी आत घालताना अख्खी दुपार जाते. म्हणून जुनीच्या टोकाला नवी जोडून ओढायची. जोडायला तार घेतली तर ती आत अडकायची. आत्याने काथ्याचा तोडा दिला, त्याने दोन्ही टोकं घट्ट वेटाळली, वर ग्रीस. एकाने खालून ओढलं, दुसऱ्याने वरून ढकललं, आणि नवी केबल बिनबोभाट खाली आली.

दुपारी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि पांढरा कांदा. नवा कांदा अजून शेतात होता, पण गेल्या वर्षीची एक माळ माळ्यावर टांगलेली होती, तीच सोडली. अलिबागच्या ह्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून भावही मानांकनासारखाच झालाय. ग्रीसचे हात धुवायला मी कपड्याच्या पावडरीत पुळणीची बारीक वाळू मिसळून ठेवली होती. रॉकेलने धुतात त्यांना माझं सांगणं आहे, एकदा हे करून बघा. भाकरीला वास येत नाही.

एम-एटीचं काम सगळ्यांत महत्त्वाचं होतं, कारण तिच्यावर एका घराची चूल चालते. मागच्या कॅरिअरवर मासळीचा डबा, डब्यात बर्फ, आणि बर्फाचं खारं पाणी सगळा रस्ताभर मागच्या चाकावर ठिबकतं. ब्रेकचा ड्रम निघेना. केबल ढिली केली, मधल्या शाफ्टला डिझेल सोडलं, लाकडी हातोड्याने ठोकलं, ड्रम जागचा हलेना. मासळीवाल्याला पहाटे चारला जेटीवर जायचं होतं. तो घाईला आला आणि लोखंडी हातोडा उचलला. मिस्त्री पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

"रागानं मारू नको. ड्रम फुटंल, राग तसाच र्‍हाईल."

मग त्यांनी त्याला ड्रमच्या कडेने फिरत, एका जागी दोनदा न मारता, हलके ठोके द्यायला लावले. ठोका, थोडं फिरव, ठोका. आवाज ऐकत होते. बराच वेळ आवाज ठक्क असा बद्द येत होता, मग एका ठोक्याला खण्ण झालं. "आता सुटला," मिस्त्री म्हणाले, आणि ड्रम हाताने निघाला. आत लायनर गंजाच्या भुग्यात रुतलेलं. लायनर नवं घातलं, कॅमला ग्रीस लावलं. मडगार्डला आतून जुन्या ट्यूबचा पट्टा असा बसवला की डब्याचं पाणी ड्रमवर न पडता बाजूला जाईल. ही शेवटची युक्ती स्प्लेंडरवाल्या पोराची.

बुलेटचं वायरिंग घुशींनी खाल्लेलं होतं. तो सगळा भाग मी पाहिला. हिरवं झालेलं तांबं मागे मागे कापत लख्ख तार लागेपर्यंत जायचं, मग जोड द्यायचा, एवढंच ते काम. कंटाळवाणं आहे, त्याबद्दल आणखी लिहीत नाही. हेडलाइट लागला.

आता आगीचं. पेट्रोल आणि पोपटी एकाच आवारात म्हटल्यावर हिची झोप उडाली होती, आणि ते बरोबरच होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते, दिसत नाही. आमच्याकडे दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून. पोपटी शेडच्या पूर्वेला लावली तर वाफ वाऱ्याबरोबर जाळाकडे जाणार. पश्चिमेला लावली तर ठिणग्या शेडवर येणार. म्हणून दक्षिणेला, वाऱ्याला आडवी अशी जागा धरली, विहिरीच्या पलीकडे, शेडपासून चांगली लांब. सूर्य कलला की शेडमधलं काम बंद. काढलेलं सगळं पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून दुसऱ्या बाजूच्या खोलीत. तेलाचे बोळे वेगळ्या डब्यात. दोन घमेली वाळू तयार. पेट्रोल पेटलं तर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं, हे बच्चेकंपनीलाही सांगून ठेवलं.

पोपटी आत्याची. ती नागावची आणि ह्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे रानात उगवणाऱ्या वासाच्या झुडपाचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि खडे मीठ चोळलेल्या. मग अंडी, बटाटे, रताळी. हिरव्या वाटणात मुरवलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधोमध. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डा ठासून भरायचा. पाण्याचा थेंब नाही. जे शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर. बाईंसाठी वेगळं मडकं, त्यात कोंबडी-अंडी काही नाही. मडकी उपडी ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, सुक्या झावळ्या रचल्या.

इथे मेव्हण्याने घोळ घातला. चेतकचं दुसरं दुखणं, चढाला दम टाकणं, ते सायलेन्सरचं होतं. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. लिटरला २० मिली घालायचं सोडून हात सैल सोडला की काजळी सायलेन्सरच्या आत थापली जाते, धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन गुदमरतं. सायलेन्सर उतरवायला सोपा, एक क्लॅम्प आणि एक बोल्ट. तो काढून तोंड लावून फुंकलं तर पलीकडे हवा येईना. त्यावर जुना इलाज म्हणजे सायलेन्सर जाळात घालून लाल करायचा आणि ठोकून काजळी झाडायची. मेव्हणा सायलेन्सर घेऊन थेट पोपटीकडे निघाला. एवढा जाळ होतोच आहे, त्यातच टाकू.

आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या पोपटीत तुझ्या गाडीचा धूर? शेंगांना ऑइलचा वास आला ना, तर ह्या मडक्यात तुलाच घालीन."

"अगं आत्या, बाजूला ठेवतो. मडक्याला लागणार पण नाही."

"वास काय विचारून येतो का?"

मिस्त्रींकडे बघितलं तर ते आत्याच्या बाजूला. असल्या काजळीचा धूर अंगावर घेण्याचाही नाही, म्हणाले. तडजोड झाली ती अशी की पोपटी निघाल्यावर उरलेले निखारे मेव्हण्याचे.

अर्ध्या-पाऊण तासाने आत्याने वरचा जाळ सारला आणि मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र झालं. पोपटी झाली. पाला ओढून काढल्यावर जो वास आला, त्यावर ह्या भागातल्या माणसाला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. सुपात ओतलं. शेंगा सोलत, बोटं भाजून घेत, सगळे गोल बसले. बुलेटवाला प्रत्येक शेंगेगणिक "आमच्याकडे श्रीवर्धनला..." म्हणून सुरू करायचा आणि कुणी त्याला पुरं करू देत नव्हतं. बोलणं मग कागदपत्रांवर गेलं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करायचं, त्यासाठी पेणच्या आरटीओत गाडी दाखवायची, आणि पेणला न्यायची तर ती आधी चालू हवी. बाईंची लुना तेवढी कागदोपत्री ठणठणीत होती. बाकीच्यांनी शेंगा खाण्यात लक्ष घातलं.

जेवणं होईपर्यंत मेव्हणा दोनदा उठून निखारे बघून आला. शेवटी आत्यानेच खूण केली. सायलेन्सर निखाऱ्यांवर ठेवला, वर आणखी गोवऱ्या. पांढरा, मग निळसर, घाणेरडा धूर निघाला आणि वाऱ्याने तो पूर्वेला सुपाऱ्यांत शिरला. सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरकले. धूर थांबल्यावर सळईने बाहेर ओढला, निवू दिला, आणि दगडावर बाजूने ठोकायला सुरुवात केली. आतून काजळीचे कोळशासारखे तुकडे पडायला लागले, घमेलंभर नाही पण ओंजळभर नक्की. मेव्हण्याने परत फुंकलं. पलीकडून राख उडाली ती मिस्त्रींच्या सदऱ्यावर.

तो सकाळी बसवला. चेतक तिसऱ्या किकला चालू झाली आणि नंतर कार्लेखिंड तिसऱ्या गिअरला चढून गेली. मासळीवाला त्याआधीच, आम्ही झोपेत असताना, एम-एटी घेऊन गेला होता. दुपारी परत येऊन पाटीभर मांदेली ठेवून गेला. खर्चाचं आधी ठरलं होतं की सामान ज्याचं त्याचं, जेवण माझं, वर्गणी नाही. वर्गणी काढली की माणूस हिशोबाने वागतो. न काढल्यावर अंडी, शेंगा, लाकडं, मांदेली असं सगळं येत राहिलं. वापरलेलं इंजिन ऑइल तेवढं माझ्या गळ्यात पडलं. विहीर जवळ असल्याने ते मी वाडीत ओतू देत नाही. कॅनमध्ये साठवून अलिबागच्या गॅरेजवाल्याला देतो.

येझदीचं राहिलं. तिच्या टाकीची सफाई ठरली होती आणि ती झालीही. टाकीत व्हिनेगर भरून मी ती आदल्या रात्रीच मुरत ठेवली होती. सकाळी आत बारीक नट टाकून दोघांनी आलटून पालटून हलवली, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी पेट्रोलने विसळली. लाल पाणी यायचं थांबलं. मित्राचा हुरूप वाढला, चालू करूनच जातो म्हणाला. येझदीला गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होते. त्याने फिरवला, पाय ठेवला, आणि किक खाली जाईना. पिस्टन अडकलेला. मित्र माझ्याकडे बघतो, मी मिस्त्रींकडे.

"विंजिन उघडायचं नाय," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, रो-रोने आणलीय हो इतक्या लांब."

"बोटीनं आनली म्हनून पिस्टन सुटत नाय."

प्लग काढून भोकातून टू-टी ऑइल आणि डिझेल ओतलं आणि वर फडक्याचा बोळा लावला. मित्र रो-रोने एकटाच परत गेला. येझदी माझ्या शेडमध्ये आहे. ऑइल जिरलं की पुन्हा घालतो, टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवून बघतो. मित्राचा दर रविवारी फोन येतो, हलली का म्हणून. परवा मिस्त्री इथेच बसले होते, त्यांनी फोन घेतला. शिमग्यापर्यंत नाही हलली तर बोअरचं बघू, म्हणाले, पण तेव्हा तू इथे हवास, पाना तुला धरायचाय.